बॅच खराब होती

दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं आणि मला त्याचा वास आला नाही. एवढंच झालं. निर्मलाबाई सकाळी स्वयंपाकाला येतात, त्या जिन्यातूनच ओरडत आल्या, "अहो साहेब, घरात आहात का नाही? खालच्या मजल्यापर्यंत वास मारतोय!" मी घरातच होतो. ओट्यापासून चार हातांवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पदर नाकाला लावला आणि मी पेपराआड झोपलो होतो की काय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "सर्दी झाली असेल," मग त्याच म्हणाल्या. आठवडाभर नाक थोडं चोंदलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी उठलो आणि पातेल्यात नाक खुपसलं. काही नाही. साबणाची वडी हुंगली, फिनेलची बाटली हुंगली, हिंगाची डबी उघडली. हिंगाचं काहीतरी लागलं, पण ते खरंच नाकाला लागलं की हिंग असा असतो ही नुसती आठवण होती, हे काही ठरवता येईना. निर्मलाबाई हातात काथ्या घेऊन बघत राहिल्या. दुसरा कुणी असता तर दोन शिंका देऊन कामाला लागला असता. मी मात्र हिंगाची डबी पुन्हा नाकाशी नेली. वास जाणं ही कशाची सुरुवात असू शकते हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे. आणि पाच वर्षांपूर्वी याच ओट्याजवळ, अशाच करपलेल्या दुधाशेजारी, माझा मोठा भाऊ असाच बसलेला मला सापडला होता. तेव्हा मी हसलो होतो.

देवीदास माझ्याहून सात वर्षांनी मोठा. अर्जुनी मोरगावपासून कोसभरावर तलावाकाठी आमचं गाव. बाप लवकर गेला, त्याच्यामागे दादानं दहावीत शाळा सोडून स्टिअरिंग धरलं, म्हणून मला पुस्तक धरता आलं. हे गावात कुणीही सांगेल, एक दादा सोडून. तो अर्जुनी ते गोंदिया खाजगी मिनीबस चालवायचा. पंचवीस वर्षांत गाडीखाली त्यानं कोंबडीसुद्धा येऊ दिली नव्हती, आणि याचा त्याला गर्व होता. त्याला गर्व असलेली ही एकच गोष्ट. दर वर्षी सहा डिसेंबरला तो चैत्यभूमीला यायचा. गोंदियापासून उभ्यानं, खच्चून भरलेल्या डब्यात. रांगेत दिवस काढायचा, मग दोन दिवस माझ्या क्वार्टरवर राहायचा. पिशवीत घरचा तांदूळ, जवसाची चटणी आणि माझ्यासाठी न चुकता एक नवीन टॉवेल. मुंबईत टॉवेल मिळत नाहीत अशी त्याची कुणी समजूत करून दिली होती कोण जाणे. दोन हजार सहा सालच्या सात डिसेंबरला सकाळी मी दुधावर लक्ष ठेव म्हणून त्याला सांगून आंघोळीला गेलो. बाहेर आलो तो घरभर धूर, आणि दादा पातेल्याशेजारी पाटावर बसून शांतपणे चपलेचा अंगठा शिवत होता. "का झालं?" तो म्हणाला. मग पातेलं बघून स्वतःच ओशाळला. "मले आजकाल वासच नाही येत रे भूषण. दोन वरसं झाली. मोहफुलाचा बी नाही. अल्का म्हनते, म्हातारा झाला तू." माझं नाव बुद्धभूषण, पण घरात भूषणच. मी हसलो आणि खिडकी उघडली. माझं डोकं दुसरीकडे होतं. त्या दिवशी मला बारावा माणूस हवा होता.

माझा धंदा काय, ते गावात कुणाला धड सांगता आलेलं नाही. मुंबईच्या अणुकेंद्रात नोकरी, म्हणून अर्जुनीच्या स्टँडवर मी अजून 'बॉम्ब बनवते तो' आहे. खरं तर मी औषधंसुद्धा बनवत नाही. मेंदूत काही पेशी असतात, त्यांना एक रसायन परत आत ओढून घेणारी दारं असतात. त्या पेशी मरायला लागल्या की दारं कमी होतात, बऱ्याचदा आधी वास जातो, आणि पुढे काही वर्षांनी माणसाचे हातपाय त्याचं ऐकेनासे होतात. त्या दारांवर जाऊन बसेल असा रेणू तयार करायचा, त्यात किरणोत्सारी कार्बन गुंफायचा, माणसाच्या शिरेतून सोडायचा, आणि तो डोक्यात कुठे किती बसला याचं चित्र पेट-स्कॅनच्या यंत्रानं काढायचं, हे माझं काम. या कार्बनचा निम्मा भाग वीस मिनिटांत संपतो, उरलेल्याचा निम्मा पुढच्या वीस मिनिटांत. म्हणजे शिशाच्या भिंतीआड घाईनं बनवा, गाळा, तपासा, आणि शिशाचं भांडं उचलून बोळातून यंत्राकडे पळा. मी हे दादाला सांगितलं तेव्हा त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे गाडीत सीटा किती ते मोजता तुमी. तिकिटवाले बसवून." मी म्हटलं, हो, तसंच. पण अडचण अशी की तोच रेणू किरण नसलेलाही तयार होतो. तो यंत्राला दिसत नाही, पण जागा अडवतो. "फुकटे," दादा म्हणाला. "फुकटे जास्त चढले का तिकिटवाले खालीच राह्यतेत, अन् चेकरले वाटते गाडीत सीटाच कमी हायेत." मी तीन देशांतल्या परिषदांमध्ये हा मुद्दा ऐकला आहे, इतका स्वच्छ कुणी सांगितलेला नाही. आमच्या भाषेत बॅच खराब म्हणजे एवढंच, फुकटे जास्त.

आम्हाला चाळिशी ओलांडलेले बारा निरोगी स्वयंसेवक हवे होते. निरोगी मेंदूत दारं किती असतात ते आधी ठरल्याशिवाय आजाऱ्याचं काय मोजणार? अकरा मिळाले होते. त्यात दोन पहारेकरी होते, एका सहकाऱ्याचे सासरे होते. बाराव्याला ऐन वेळी ताप आला, आणि यंत्राची वेळ पुन्हा मिळायला महिना लागला असता. दादा म्हणाला, "मी झोपतो ना. झोपायचंच तं काम हाय." फॉर्म मीच भरला, कारण त्याचा चष्मा गाडीत फुटला होता. मधुमेह आहे का, नाही. फिट येते का, नाही. वास कमी येतो का? त्या रकान्यावर माझं पेन थांबलं. करपल्या दुधाचा वास माझ्या शर्टाला अजून येत होता. 'हो' लिहिलं तर दादा बाद, दिवस फुकट, लेख पुढे. मी 'नाही' लिहिलं. ते पहिलं खोटं, आणि ते भावासाठी बोललेलं नव्हतं, हे मी निदान इथे तरी मान्य करतो.

त्या दिवशीची बॅच मी आयुष्यात बनवलेली सगळ्यात चांगली बॅच होती. इतकी स्वच्छ की मी शुद्धतेचा आलेख कागदावर दोनदा पाहिला. फुकटे जवळजवळ नव्हतेच. दादा यंत्रात आडवा झाला, डोक्याला पट्टा, हात पोटावर. तास दीड तास तो हललासुद्धा नाही. मी काचेमागून त्याचे तळवे बघत होतो. लहानपणी पहाटे जाग आली की चटईवर हेच तळवे दिसायचे, टाचांना भेगा पडलेले. मग पडद्यावर चित्र उमटायला लागलं. निरोगी माणसात मेंदूच्या मध्यावर दोन उजळ स्वल्पविराम दिसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दादाच्या उजव्या भागात स्वल्पविराम होता. डाव्यात त्याची शेपटी गळून नुसता ठिपका राहिला होता. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. उजवा हात, उजवा पाय. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, म्हणजे माझा स्वभाव तुम्हाला कळेल. मला राग आला. अकरा जणांचे ठिपके निकालाच्या आलेखावर एका ओळीत बसले होते, आणि बारावा घसरून खाली गेला होता. दादानं माझा आलेख बिघडवला, असं वाटलं. भीती त्याच्यानंतर आली, दोन-चार सेकंदांनी असेल, पण नंतर.

मग मी टेबलाशी बसून विचार केला, किंवा विचार करतो आहे असं स्वतःला भासवलं. नियम माझ्या बाजूनं होता. रेणू नवा, अजून सिद्ध न झालेला, त्यामुळे त्यावरून कुणाला आजार सांगायचा नाही असं परवानगी देणाऱ्या समितीनंच लिहून दिलं होतं. पण आमच्या डॉक्टरांनी चित्र पाहिलं असतं तर ते म्हणाले असते, याला साध्या तपासणीला पाठवा, आणि तपासणीत पहिला प्रश्न आला असता, हा काम काय करतो? दादाला गाडीवरून उतरवणं म्हणजे काय, ते मला दिसत होतं. ज्याच्या नावामागे गावात 'डायवर' लागतं, त्याचं नाव काढून घ्यायचं. आणि आजार तर अजून नव्हताच. दहा वर्षांनी येईल, कदाचित येणारही नाही. हे सगळं मी मनाशी इतक्या सफाईनं मांडलं की मलाच पटलं. वहीत बॅचच्या शुद्धतेचा आकडा मी बदलून लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, बॅच खराब, स्वयंसेवक क्रमांक बारा वगळावा. शुद्धतेच्या खऱ्या आलेखाचा कागद घडी करून खणात टाकला. फाडला मात्र नाही. आपला माणूस साहेबाच्या खुर्चीत बसला की आपलं नाव खराब होऊ देत नाही, ही आमच्याकडची रीत. मी तर बॅचचंच नाव खराब केलं. मात्र ते लिहिताना मला माहीत होतं की फुकटे चढले तर दोन्ही बाजू सारख्या फिक्या पडतात. एकच बाजू कधीच फिकी पडत नाही. दादा कपडे घालून बाहेर आला आणि म्हणाला, "का दिसलं माह्या डोक्यात?" मी म्हटलं, "काहीच नाही दादा. बॅच खराब होती." तो खळखळून हसला. "म्हंजे डोकं रिकामंच हाय! माय तं कवाच सांगत होती." संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. लेख छापून आला, अकरा माणसांवर. लोकांनी त्याची तारीफ केली.

मे दोन हजार आठमध्ये अल्कावहिनीचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी जेवणाचा डबा उघडला होता. तलावाच्या पाळीवर जिथे रस्ता वळतो तिथे मंगरू ढीवर सायकलवरून मासळीची टोपली घेऊन येत होता. दादाची गाडी त्याच्यावर गेली. मंगरू म्हणजे लहानपणी आम्हाला गळ लावायला शिकवणारा मंगरू. त्याच्यामागे बायको प्रेमिला; पोरबाळ नाही. गाडीच्या मालकाचा वकील दादाला म्हणाला, ब्रेक लागला नाही असं सांग, सगळेच सांगतात. दादानं कोर्टात उभं राहून सांगितलं, "ब्रेक बराबर होते. माहा पाय उशिरा गेला." वहिनीनं मला हे वाक्य पुढच्या फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मी भिंतीला टेकलो. तिला वाटलं मी रडतो आहे. "भाऊजी," ती म्हणाली, "तुमी त्यायच्या डोक्याचा फोटो काढला होता ना? वकील म्हनते, काई बिमारी गिमारी दाखवता येते का पाहा. सजा कमी होईन." आता बोल, असं मी स्वतःला म्हटलं, शब्दात म्हटलं. दादा वाचला असता. पण मग कुणीतरी विचारलं असतं की हे दीड वर्षापूर्वी दिसलं होतं, तर तो गाडीवर कसा? "तो फोटो निघालाच नव्हता वहिनी," मी म्हणालो. "बॅच खराब होती." दादानं गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे निकाल लवकर लागला. सहा महिने. मी भेटायला गेलो नाही. परिषद होती.

तो सुटून आला आणि त्याचा उजवा हात थरथर कापायला लागला. गावानं निदान केलं, मंगरू हातात बसला. दादा वहिनीला म्हणाला, "भूत मी मानत नाही. बाबासाहेबानं सांगतलं हाय. पन माह्या हातानं मानूस गेला, तं हात कापू दे. त्याले कापाचाच हक हाय." गोंदियाच्या डॉक्टरनं तपासून गोळ्या लिहून दिल्या, आजाराचं नावही सांगितलं, कंपवात. दादानं ते ऐकून घेतलं आणि गोळ्या कोनाड्यात ठेवल्या. आजार त्या दिवसानंतर आला, त्या दिवसामुळे आला, यावर तो ठाम. वहिनी दर महिन्याला फोनवर तेच सांगायची. "गोळ्या तशाच हायेत भाऊजी. शर्टाची बटनं मले लावा लागतेत. घास तोंडात जात नाही, सांडते. गोळी देल्ली तं म्हनते, मंगरूले कोनी गोळी देल्ली होती?" आणि दर बाजाराच्या दिवशी तो प्रेमिलाच्या घरी जायचा. मंगरूची सायकल कुणीतरी ठोकठाक करून उभी केली होती. प्रेमिला तलावातली मासळी टोपलीत भरायची आणि दादा ती टोपली सायकलला बांधून अर्जुनीच्या बाजारापर्यंत न्यायचा. चालवता येत नव्हती. हँडल धरून पायी ढकलत न्यायचा, मंगरूचं काम मंगरूच्या सायकलीवर. ती मागून चालायची. तीन वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, ये म्हणाली नाही, येऊ नको म्हणाली नाही. मी हे सगळं मुंबईत कानाला फोन लावून ऐकायचो, आणि म्हणायचो, "त्याला सांगा वहिनी, गोळ्या घे म्हणावं. भूषणनं सांगितलंय म्हणावं." एवढं मात्र मी दर महिन्याला न चुकता म्हणायचो.

निर्मलाबाईंनी पातेलं घासून पालथं घातलं तेव्हा मी प्रयोगशाळेत पोचलोही होतो. पहिलं काम काय केलं असेल? यंत्राच्या वेळापत्रकात रिकामी जागा शोधली. मंगळवारी दीड तास मोकळा होता. बॅच मी बनवतो, चित्र मी वाचतो; कुणाला विचारायचीही गरज नव्हती. मला कळायला हवं होतं. आज, लगेच, तासाभरात, माझ्या डोक्यातले दोन्ही स्वल्पविराम शाबूत आहेत की नाहीत. हात थरथरत होते, आणि ते कशानं थरथरतात हे बघायला मी ते टेबलावर पसरून ठेवले, उजवा आणि डावा, शाळेत नखं दाखवायचो तसे. तेवढ्यात लक्षात आलं की माणसाला काय कळलं तर सोसेल आणि काय कळलं तर सोसणार नाही, याचा पाच वर्षं मी दादाच्या वतीनं निवाडा केला होता. माझ्यावर वेळ आली तर मला मंगळवारपर्यंतही थांबवत नव्हतं. मला स्वतःची किळस आली. ती मोठी, उदात्त वगैरे नव्हती. हात चिकट झाला की धुवावासा वाटतो तेवढीच होती. मी वेळापत्रकात नाव लिहिलं नाही. खण उघडला. आलेखाचा कागद तिथेच होता, घडीवर पिवळा पडलेला. पडद्यावरचं जुनं चित्र कागदावर छापून घेतलं आणि दोन्ही एका पाकिटात घालून गाडी पकडली.

गोंदियाच्या फलाटावर चहावाला "गरम चाय, गरम चाय" करत अगदी नाकाखालून किटली घेऊन गेला आणि मी श्वास ओढून पाहिला. नाक बंदच होतं. बल्लारशाह पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसलो. सौंदडच्या पुढे कापलेल्या धानाच्या बांध्या सुरू झाल्या, शेतात पेंढ्या पडलेल्या. या दिवसांत इथे हवेला ओल्या तणसाचा वास असतो, मला तो पाठ आहे. मी सगळ्या वाटेनं तो शोधत होतो, आणि लाज वाटून तोंड आत घेत होतो. भावाला काय सांगायचं ते जुळवायचं सोडून मी स्वतःचं नाक तपासत चाललो होतो.

दादा परसात खाटेवर बसला होता. दुपारचं ऊन होतं. मला बघून उठायला गेला, पण उठणं त्याला एका दमात जमेना. आधी पुढे झुकला, मग थांबला, मग पुन्हा. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते रागानं नव्हे, या आजारात चेहराच हलत नाही. उजवा हात मांडीवर आपोआप बिड्या वळल्यासारखा हलत होता. "का रे, असा अचानक?" तो म्हणाला. आवाज पार बारीक झाला होता. वहिनीनं पाणी आणलं आणि चौकटीत उभी राहिली. मी पाकीट उघडलं. मी परिषदेत बोलतो तसं सुरू केलं असणार, कारण दादा मध्येच म्हणाला, "सीद्धा बोल ना." मग सरळ बोललो. बॅच खराब नव्हती. बॅच चांगली होती. हे तुझं डोकं. ही उजवी बाजू, ही डावी. हा आजार मंगरूनं दिलेला नाही, तो दीड वर्ष आधीपासून तुझ्या डोक्यात होता, तुझा पाय म्हणून उशिरा गेला. तुझी चूक नव्हती दादा.

त्यानं कागद डाव्या हातात घेतला, उन्हात धरला. खूप वेळ बघितलं. कोंबडी खाटेखालून गेली. "फुकटे चढले असते," तो हळूहळू म्हणाला, "तं दोनी बाजूच्या सीटा भरल्या असत्या. एकाच बाजूच्या कशा भरतीन?"

"नाही भरत," मी म्हणालो.

"म्हंजे तुले तवाच समजलं होतं."

"हो."

"अन् तू मले गाडीवर बसू देल्लं."

"हो दादा."

"काऊन?"

मी इतकी कारणं पाठ करून आलो होतो. तुझं नाव जाऊ नये म्हणून, नियम होता म्हणून, माझा आलेख. मी रिकाम्या पाकिटाची घडी घालायला लागलो. वहिनी चौकटीतून म्हणाली, "मी फोन केला होता तुमाले. फोटो मांगतला होता. का सांगतलं होतं तुमी मले?" ती पदर तोंडावर घेऊन आत गेली.

मला वाटलं होतं, दादाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. एवढ्याचसाठी तर आलो होतो, असं मी स्वतःला गाडीत सांगितलं होतं. तो आपल्या हाताकडे बघत होता. तीन वर्षं त्या हाताला काही अर्थ होता. हात कापायचा, टोपली ढकलायची, म्हणजे काहीतरी चुकतं करणं चाललं होतं. आता तो नुसता बिघडलेला हात होता. त्याचे डोळे भरले, चेहरा मात्र तसाच स्थिर, आणि मला ते बघवेना. "मंग हे मंगरूचं नोहे," तो म्हणाला. "मी तं समजत होतो, मंगरूसाठी सोसून राहिलो." मग त्यानं आत हाक मारली, "अल्का, आन ती गोळी." वहिनी कोनाड्यातून पुडी घेऊन आली. त्यानं गोळी जिभेवर ठेवली. ग्लास तोंडापर्यंत नेताना पाणी सांडलं, ते तिनं पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीन वरसं मी तुह्या वाटचा गेलो तिच्या घरी. उद्या बाजार हाय. उद्या तू जाय." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, जेवतानाही नाही, सकाळी मी निघालो तेव्हाही नाही.

प्रेमिलाचं घर पाळीच्या खाली, पाण्याला लागून. ती अंगणात टोपलीवर ओलं पोतं घालत होती. मी लहानपणी पाहिलेली प्रेमिला हसरी, भरल्या अंगाची होती; ही वाळून काटकी झालेली बाई. सायकल भिंतीला टेकवलेली, मागचा मडगार्ड वाकडा. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे रस्त्याकडे. "डायवर नाही आला?" तिनं विचारलं. तीन वर्षांत तिनं दादाला न दिलेले शब्द माझ्या वाट्याला आले.

"नाही. मी त्यांचा भाऊ, भूषण."

"वळखलं."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. चित्र, सीटा, यातलं काही नाही. "त्यांचा पाय आजारानं उशिरा गेला. आजार मला दीड वर्ष आधी दिसला होता. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्या दिवशी गाडीवर नसते." ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. रबरी ट्यूबच्या पट्टीनं ती टोपली कॅरिअरला आवळत होती. गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली.

"डायवरले सांगतलं?"

"काल."

"मंग आता तो नाही येनार," ती म्हणाली. तिनं ते विचारलं नव्हतं. ती क्षणभर सायकलीच्या हँडलकडे बघत राहिली, जिथे दादाचे हात असायचे तिथे. मला वाटलं आता ती ओरडेल, माती फेकेल, आणि मी अंग घट्ट केलं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. तिनं पदर खोचला. "बाजार सुटते," ती म्हणाली. "धरा."

मी हँडल धरलं. टोपली जड होती, सायकल डावीकडे कलंडत होती. पाळीचा चढ चढताना मला छाती टेकवून रेटावं लागलं, माझं तोंड ओल्या पोत्याला लागलं, आणि एकदम वास आला. रोहूचा, मरळीचा, चिखलाचा, शेवाळाचा, पोत्याच्या कुबट पाण्याचा. नाक कधी मोकळं झालं कळलंच नाही. मी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा आला, एकेक वास वेगळा निवडता येईल इतका. सर्दी होती. नुसती सर्दी होती. माझे दोन्ही स्वल्पविराम जागेवर असणार. समोर ते वळण आलं, जिथे मंगरू पडला होता, आणि मागे प्रेमिलाची पावलं वाजत होती, चुकत नव्हती, थांबत नव्हती. मी सायकल ढकलत राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिनं वळणावर बाजूला येऊन पाहिलं, आणि काही विचारलं नाही. बरं झालं, कारण ते आनंदाचं होतं.